कादंबरी-मालिका स्वतः प्रकाशित करताना: कोल्हापुरातल्या नव्या लेखकासाठी

मालिका लिहिणाऱ्या नव्या लेखकाला मी सगळ्यात आधी विचारतो, दुसरा भाग लिहून झालाय का? "पहिला छापून बघू, लोकांना आवडला तर दुसरा लिहू," असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. एकट्या कादंबरीला हे धोरण चालतं, मालिकेला चालत नाही. वाचक पहिल्या भागाचे पैसे देतो ते पुढचा भाग येणार या भरवशावर. दोन वर्षं काहीच आलं नाही की तो पात्रांची नावंसुद्धा विसरतो, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही दुसरा भाग घेऊन दारात गेलात तर त्याला पहिला पुन्हा वाचायला सांगावं लागतं. म्हणून खाली दिलेला लिखाणाचा, पैशाचा आणि साठ्याचा सगळा हिशेब दुसऱ्या भागापासून उलटा मोजत आणलेला आहे.

आधी दोन भाग, मग प्रेस

दुसऱ्या भागाचा निदान पहिला खर्डा पूर्ण झाल्याशिवाय पहिला भाग छापायला देऊ नका. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दुसरा लिहिताना पहिल्यात काय पेरायला हवं होतं ते कळतं, आणि पहिला अजून हातात असतो. छापून गेल्यावर पात्राचं वय बदलता येत नाही, मेलेला माणूस परत आणता येत नाही.

नव्या लेखकानं तीन भागांची मालिका धरावी. सात-आठ भागांचा संकल्प मनात असला तरी मुखपृष्ठावर तो जाहीर करू नका. आणि प्रत्येक भागाचा स्वतःचा एक प्रश्न त्याच भागात सुटला पाहिजे. मोठा प्रश्न पुढे जाऊ दे, पण ऐन रंगात आलेल्या प्रसंगावर 'क्रमशः' टाकून कादंबरी संपवली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. साप्ताहिकात ते खपायचं, कारण पुढचा अंक आठ दिवसांत यायचा.

मालिकेची वही

समजा, तुमची मालिका गंगावेशीतल्या एका तालमीभोवती फिरते. पहिल्या भागात वस्तादांचा डावा कान मोडलेला आहे. दुसऱ्यात तो उजवा झाला, तर एखादा जुना मल्ल ते पान उघडून तुमच्यासमोर धरणार. कोल्हापुरात तालमीबद्दल लिहिताना अशी सूट मिळत नाही. म्हणून एक वेगळी वही घाला. त्यात पात्राचं नाव, जन्मवर्ष, नाती, कोण कोणाला कसं हाक मारतं (अहो, अगं, दाजी, आक्का, वस्ताद), शरीरावरच्या खुणा, घर कुठल्या गल्लीत, गाडी कुठली, हे सगळं पानवार लिहून ठेवा.

त्याच वहीत एक कालपट आखा आणि खरी वर्षं घातलीत तर खऱ्या घटना त्यावर मांडा. कोल्हापूरच्या गोष्टीत २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर टाळता येत नाहीत. समजा, पहिला भाग ऑगस्ट २०१९ च्या पुरात संपला आणि दुसरा पुढच्या उन्हाळ्यातल्या जत्रेच्या कुस्ती-मैदानात सुरू झाला. म्हणजे २०२० चा उन्हाळा आला, आणि त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे मैदानंच भरली नव्हती. ही चूक वाचक शोधून काढतातच. वर्ष न सांगता लिहायचं ठरवलं तरी चालेल, पण मग तिन्ही भागांत कुठेच सांगू नका.

खऱ्या तालमीचं, खऱ्या घराण्याचं नाव खलनायकाला देऊ नका. आडनाव आणि गल्ली दोन्ही जुळली तर "हे काल्पनिक आहे" हे पहिल्या पानावरचं वाक्य फारसं वाचवत नाही.

संपादन, आणि बोलीचा प्रश्न

खर्च कुठे करायचा असेल तर इथे करा. मुखपृष्ठ वाचकाला पुस्तक उचलायला लावतं, पण दुसरा भाग तो पहिल्याच्या वाचनानुभवावर घेतो. संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी कामं आहेत. संपादक सांगतो की चौथ्या प्रकरणाची गरज नाही. मुद्रितशोधक सांगतो की 'आणि' चा णि ऱ्हस्व आहे. एकाच माणसानं दोन्ही एकाच वाचनात करतो म्हटलं तर पहिलं काम होत नाही.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद कोल्हापुरी, अशी रचना बहुतेकांची असते. मुद्रितशोधक बाहेरचा असेल तर तो संवाद 'सुधारतो'. कोल्हापुरातली बाई सहज म्हणते, "मी कवाच आलो, तुम्हीच न्हवता." हे 'आलो' त्याला चूक वाटतं आणि तो 'आले' करून टाकतो. आपल्या भागात अनेक बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात. ते बदललं की ती बाई कोल्हापूरची उरत नाही. तसंच 'करालोय', 'जाऊया की', 'काय लगा' यांचं. म्हणून हस्तलिखिताबरोबर एक पानाची शब्दसूची द्या आणि संवादात काय जसंच्या तसं ठेवायचं, ते त्यात लिहा. 'लई' की 'लय', 'न्हाई' की 'न्हाय', 'व्हय' की 'होय', एकेकच रूप निवडा. एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही येऊ देऊ नका. पात्रागणिक मात्र फरक ठेवता येतो. राजारामपुरीतली कॉलेजची पोरगी आणि कागलकडचा तिचा चुलता एकसारखं बोलणार नाहीत.

निवेदनात 'केले, गेले, मुले' लिहायचं की 'केलं, गेलं, मुलं' हेही पहिल्याच भागात ठरवा. दोन्ही चालतात. पहिला भाग एका पद्धतीत आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीत आला तर मात्र लेखक बदलल्यासारखं वाटतं.

संपादकाआधी तीन-चार वाचकांना खर्डा द्या. घरातले नकोत, लेखक मित्रही नकोत. वाचनालयातून आठवड्याला पुस्तक बदलून नेणारी माणसं शोधा. त्यांना "कसं वाटलं?" विचारू नका. "कुठे वाचायचं थांबलात?" एवढंच विचारा आणि ती पानं नोंदवा. तीन जण एकाच पानाजवळ थांबले असतील तर तिथे काम आहे.

आधी मोबाइलवर की आधी कागदावर?

प्रतिलिपीसारख्या ॲपवर कथामालिका प्रकरणाप्रकरणानं टाकणं ही नव्या लेखकासाठी चांगली तालीम आहे. मराठी वाचक तिथे आहेत, ते प्रतिक्रिया देतात आणि प्रकरण कुठे ओढलं जातंय ते लगेच कळतं. तिथे लिहायचं तर वार ठरवा आणि तो पाळा. प्रकरणं लहान ठेवा, कारण लोक बसमध्ये, जेवणानंतर, निजताना वाचतात.

पण एक गाठ आधीच समजून घ्या. अॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे केडीपीवर, मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर तिथे ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' मध्ये नोंदवावं लागतं, नाहीतर ३५ टक्के मिळतात. सिलेक्टची अट अशी की ९० दिवसांच्या मुदतीत ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही नको. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर इतरत्र चालतो. म्हणजे संपूर्ण कादंबरी प्रतिलिपीवर फुकट आणि तीच सिलेक्टमध्ये, असं करता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही.

माझं मत असं आहे. मालिकेचा पहिला भाग ॲपवर वाचकांपर्यंत जाऊ द्या, त्यावरून तो दुरुस्त करा. कागदावर आणि किंडलवर आणायच्या वेळी तो तिथून काढा आणि पहिली दोन-तीन प्रकरणं नमुना म्हणून ठेवा, तीही त्या १० टक्क्यांत बसतील एवढीच. ॲपवर एखाद्या खास योजनेत करार केला असेल तर तो काढता येतो का, ऑडिओचे आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे गेलेत, हे सही करण्याआधी वाचा. मालिकेत तर "या कथेचे व पुढील सर्व भागांचे" असे शब्द आहेत का, ते खास बघा. एका भागाच्या करारात तिन्ही भाग बांधून देऊ नका.

केडीपीवर मालिकेसाठी वेगळं पान बनवता येतं, भागांना क्रमांक देता येतो. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर सारखीच उमटणाऱ्या अक्षरांत हवी, मुखपृष्ठ १६०० गुणिले २५६० पिक्सेल ठेवा. खातं उघडताना करासंबंधी प्रश्नावली येते. तिथे पॅन क्रमांक दिला की भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या विक्रीवरचं मानधन ३० ऐवजी १५ टक्के कपातीनं येतं. मजकूर किंवा चित्र एआयकडून तयार करून घेतलं असेल तर तेही तिथे खरं सांगावं लागतं.

कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो अर्ज भरण्याच्या श्रमाचे मागतोय, क्रमांकाचे नव्हे. प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक लागतो, आणि छापील व ई-बुक यांनाही वेगवेगळा. किंडलला आयएसबीएनची सक्ती नाही. अर्ज प्रेसला फाइल देण्याच्या बऱ्याच आधी करा, कारण क्रमांक हातात आल्याशिवाय श्रेयनामावलीचं पान आणि मलपृष्ठ पूर्ण होत नाही.

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवसांची वाट पाहावी लागते. मालिका असेल तर मी नोंदणी करायला सांगतो. पुढे वेब मालिकेसाठी कोणी विचारलं तर कागद हातात असलेला बरा. मालिकेच्या नावाला मात्र कॉपीराइटचं संरक्षण मिळत नाही, म्हणून नाव ठरवण्याआधी ते आधीच कोणी वापरलंय का ते शोधा.

पुस्तक आल्यावर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चानं पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. तुम्ही प्रकाशक आहात म्हणजे ही जबाबदारी तुमची. स्वतः पुस्तक काढणारे बरेच जण हे करत नाहीत. करा. तुमचं पुस्तक शंभर वर्षांनी कुठे सापडेल याची ती सोय आहे.

एक गोष्ट छपाईआधीच बघून ठेवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. ती पहिल्या प्रकाशनासाठी आहे, त्यामुळे पुस्तक छापून झाल्यावर तिचा उपयोग नाही. आधी त्या वर्षीचं पत्रक वाचा, मग ठरवा.

मुखपृष्ठ: तिन्हींचं एकदम

एका भागाचं मुखपृष्ठ करून घेऊ नका. तिन्ही भागांची कच्ची रेखाटनं एकत्र काढून घ्या, रंगवून घ्या फक्त पहिलं. मालिकेचं नाव कुठे, भाग क्रमांक कुठे, लेखकाचं नाव किती मोठं, हे तिन्हींवर एकाच जागी हवं. कण्यावर भाग क्रमांक ठळक हवा, कारण वाचनालयाच्या कपाटात पुस्तकाचा फक्त कणाच दिसतो.

कोल्हापूरला चित्रकारांची कमतरता नाही. कलानिकेतन आणि दळवीज आर्टमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांतल्या कोणाला काम द्याल तर योग्य पैसे द्या आणि एक पानी करार करा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मालिकेचा तिसरा भाग येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात, तेवढ्यात पहिल्याच्या चित्राची मुदत संपत आलेली असते. म्हणून छापील, ई-बुक, जाहिरात, पुढच्या आवृत्त्या, सगळ्यासाठी आणि मुदत स्पष्ट लिहून हक्क घ्या. चित्राची मूळ फाइलही घ्या.

फाइल, फॉन्ट, प्रेस

तुम्ही मोबाइलवर किंवा गुगल डॉक्समध्ये लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करणारे अनेक जण अजून श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. तुमची फाइल ते रूपांतरित करतात आणि तिथे अक्षरं फुटतात. नेहमी फुटणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: 'दुसऱ्या' मधलं ऱ्य, 'कुऱ्हाड' मधलं ऱ्ह, 'ॲप' मधला ॲ, अवतरणचिन्हं आणि संयोगचिन्हं. मुद्रितशोधन आधी झालंय म्हणून रूपांतरानंतरची प्रत न वाचता छापायला देऊ नका. 'पऱ्या' चा 'पर्या' तीनशे प्रतींत छापला जातो.

त्यापेक्षा इनडिझाइन या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्ट घेऊन जुळणी करणारा माणूस शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी. मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी', 'नोटो सेरिफ देवनागरी', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे मुक्त परवान्याचे फॉन्ट छापील पुस्तकाला चांगले दिसतात. ल आणि श मराठी वळणाचे येतायत का ते बघून घ्या. हिंदी वळणाचा ल मराठी कादंबरीत खटकतो. युनिकोड फाइलचा दुसरा फायदा असा की तीच पुढे किंडलसाठी वापरता येते. जुळणी झाल्यावर पीडीएफ आणि मूळ उघडी फाइल, दोन्ही ताब्यात घ्या. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्या माणसानं धंदा बदललेला असू शकतो.

आकार डेमी ठेवा, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंच. कादंबरीला तोच रूढ आहे आणि कपाटात बसतो. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत आणा. २४० पानं म्हणजे पंधरा फॉर्म. २४४ झाली तर चार पानांसाठी अख्ख्या फॉर्मचा कागद जातो किंवा मागे कोरी पानं सुटतात. कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर घ्या, डोळ्यांना बरा. इथे वजनाचा हिशेब पण आहे. ७० जीएसएमवर २४० पानांचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासह साधारण २७० ग्रॅम भरतं, ८० जीएसएमवर ३०० च्या वर जातं. टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आणि तिचा पहिला, २० रुपयांचा टप्पा ३०० ग्रॅमपर्यंतचा आहे, कर वेगळा. पातळ पाकीट वापरलं तर ७० जीएसएमचं पुस्तक त्यात बसतं. पाकिटात प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पुस्तकच हवं, जाहिरातीचे कागद घालू नका.

मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. बांधणी मात्र नुसत्या गोंदाची नको. मराठी कादंबरी मोठ्या प्रमाणात वाचनालयातून वाचली जाते, एक प्रत पन्नास हातांतून जाते. फॉर्म शिवून मग मुखपृष्ठ चिकटवलेलं पुस्तक ते सहन करतं. प्रेसमध्ये जाऊन त्यांनी आधी केलेलं एखादं पुस्तक मागा, मधोमध पूर्ण उलगडा आणि पाठ वाकवा. पान सुटलं किंवा कणा तडकला तर दुसरी प्रेस बघा. कण्याची जाडी अंदाजानं ठरवू नका. त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागा, पट्टीनं मोजा, तो आकडा मुखपृष्ठ करणाऱ्याला द्या.

वेळही निवडून घ्या. लग्नसराईत पत्रिका, मे-जूनमध्ये शाळेचं साहित्य, ऑगस्टपासून दिवाळी अंक आणि मग कॅलेंडरं, असा प्रेसचा वर्षभराचा क्रम असतो. निवडणूक लागली तर सगळंच थांबतं. जानेवारी-फेब्रुवारीत निवांत काम होतं. जुलैत कोल्हापूरच्या हवेत कागद ओल धरतो, मुखपृष्ठं वळतात. शक्यतो त्या दिवसांत बांधणी टाळा.

किती प्रती, किती किंमत

पाचशे प्रतींच्या वर ऑफसेट छपाई स्वस्त पडते म्हणून प्रेसवाले हजार सुचवतात. नव्या लेखकानं तीनशेच्या पुढे जाऊ नये, आणि मालिकेचा असेल तर मुळीच नाही. शिल्लक पैसा दुसऱ्या भागासाठी हवा आहे.

खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या प्रेसचा दर घालून पुन्हा मांडा. छपाई प्रतीला ११० रुपये धरली तर ३०० प्रतींचे ३३,००० होतात. संपादन आणि मुद्रितशोधन १२,०००, मुखपृष्ठ ८,०००, जुळणी पानाला ३० प्रमाणे ७,२००. एकूण ६०,२००. पुस्तकाची किंमत ३०० ठेवली आणि सगळ्या प्रती दुकानांतून ४० टक्के सवलतीनं गेल्या, तर प्रतीला १८० प्रमाणे ५४,००० हातात येतात. म्हणजे सगळं पुस्तक विकून ६,२०० रुपयांचा तोटा. आता निम्म्या प्रती तुम्ही स्वतः २७० रुपयांना विकल्या आणि टपाल-पाकिटाला प्रतीमागे ३० गेले, तर त्या १५० चे ३६,००० होतात, दुकानांतल्या १५० चे २७,०००. एकूण ६३,०००. जेमतेम २,८०० उरले, आणि यात भेट दिलेल्या, परीक्षणाला पाठवलेल्या प्रती धरलेल्या नाहीत.

म्हणजे पहिल्या भागावर कमाई होईल असं धरूच नका. पहिला भाग खर्च भरून काढू शकतो, तोही निम्म्या प्रती स्वतः विकल्या तर. आणि म्हणूनच दुसऱ्या भागाचा खर्च पहिल्याच्या विक्रीतून येईल असं गृहीत न धरता आधी बाजूला ठेवायचा. तेवढी सोय नसेल तर पहिल्या भागाच्या प्रती दोनशे करा, किंवा नोशन प्रेस, पोथी डॉट कॉम यांसारख्या ठिकाणी मागणीनुसार छपाईवर टाका. तिथे प्रतीचा खर्च जास्त, पण साठा घरात पडत नाही.

"पन्नास हजार द्या, सगळं आम्ही करतो" म्हणणाऱ्यांना चार प्रश्न विचारा. आयएसबीएन कोणाच्या नावावर? उघडी फाइल मिळणार का? उरलेल्या प्रती कोणाच्या? पुढच्या भागांवर हक्क सांगणार का? उत्तर लेखी देत नसतील तर उठून या.

विक्री

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. फक्त पुस्तकंच विकणाऱ्याला अॅमेझॉनवर जीएसटी क्रमांकाशिवाय विक्रेता म्हणून नोंदणी करता येते. बुकगंगावर मराठी वाचक आधीपासून आहे, तिथे पुस्तक असावंच. पण तीनशे प्रतींतल्या बऱ्याचशा तुम्हाला ओळखीच्या माणसांकडून, व्हॉट्सअॅपवरून आणि समोरासमोर विकाव्या लागतील. छपाईआधी महिनाभर सवलतीत आगाऊ नोंदणी घ्या. किती प्रती छापायच्या त्याचा खरा अंदाज तिथे येतो. नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, नंबर, गाव एका यादीत ठेवा आणि पुढचा भाग आल्यावर कळवू का, हे विचारून ठेवा. दुसऱ्या भागाचा पहिला ग्राहक याच यादीत आहे.

भवानी मंडप आणि महाद्वार रोडच्या आसपासच्या दुकानांत स्वतः जा. पाच-पाच प्रतीच ठेवा, चलनावर, म्हणजे प्रती दिल्याच्या पावतीवर सही घ्या, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत ते चलनावरच लिहा. महिन्यातून एकदा चक्कर मारा. दुकानदाराला त्रास होईल म्हणून संकोच करू नका, गेलं नाही की पुस्तक मागच्या फळीवर जातं.

वाचनालयं विसरू नका. आपल्या शहरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि जिल्ह्यात गावोगावी अनुदानित सार्वजनिक वाचनालयं आहेत, जी दरवर्षी पुस्तकं घेतात. ग्रंथपालाला भेटताना दोन भाग घेऊन गेलात तर बोलणं वेगळं होतं. अर्धवट मालिका घ्यायला त्यांना आवडत नाही, वाचक पुढचा भाग मागत राहतात. जिल्हा ग्रंथोत्सवात आणि शाहू स्मारक भवनातल्या पुस्तक प्रदर्शनांत टेबल मिळालं तर तिथे स्वतः बसा. पहिला भाग हातात घेणाऱ्याला कथा सांगत बसण्यापेक्षा पहिलं पान वाचायला द्या.

प्रकाशन समारंभावर मोठा खर्च करू नका. सभागृह, हार, फेटे यांत पन्नास प्रतींचे पैसे जातात. त्याऐवजी वर्तमानपत्रांच्या स्थानिक पुरवण्यांना, आकाशवाणी कोल्हापूरला आणि वाचणाऱ्या शिक्षकांना प्रती द्या. दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेच्या पुरस्कारांची आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांची निवेदनं आली की वेळेत पाठवा. राज्य पुरस्कारात पहिल्या कादंबरीसाठी वेगळा गट आहे.

साठा तळमजल्यावर ठेवू नका. शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या किंवा पंचगंगेच्या बाजूला राहत असाल तर मुळीच नाही. दहा-दहा प्रतींचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर, भिंतीपासून थोडे दूर ठेवा.

दुसरा भाग

पहिला आल्यापासून सहा ते नऊ महिन्यांत दुसरा आणा. खर्डा तयार असेल तर हे जमतं. प्रती पहिल्यापेक्षा कमी छापा, कारण पहिला घेणारे सगळे दुसरा घेत नाहीत. आगाऊ नोंदणीची यादी पुन्हा चालवा आणि जो आकडा येईल त्यावर थोड्या प्रती चढवा. सुरुवातीला पानभर 'आतापर्यंत' द्या, पण कथेत जुनं पुन्हा सांगत बसू नका.

मागच्या पानावर पहिल्या भागाची माहिती आणि मागवण्याचा क्यूआर कोड छापा, कारण दुसरा भाग समोर आलेला नवा वाचक आधी पहिला मागतो. त्या वेळी तो संपलेला असेल तर दोन्ही विक्री जातात. म्हणून दुसरा प्रेसला देताना पहिल्याच्या किती प्रती उरल्यात ते मोजा. पन्नासच्या खाली असतील तर मिळालेल्या चुका दुरुस्त करून पहिल्याची शंभर प्रतींची दुसरी आवृत्ती त्याच खेपेत डिजिटल छपाईनं काढून घ्या. कागद त्याच जातीचा आणि कण्याचा रंग तोच येतोय ना, हे पहिल्या आवृत्तीची प्रत शेजारी धरून प्रेसमध्येच तपासा.